समुद्राकडे पाठ केलेली खुर्ची

१

आमच्या ऑफिसात प्रत्येक माहितीपत्रकात एक खोटी गोष्ट घालायची पद्धत आहे. आम्ही तिला खिळा म्हणतो.

आमची पर्यटन कंपनी लहान आहे. एक मालक, दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, आणि भिंतीवर इतके समुद्रकिनारे चिकटवलेले की मूळ भिंतीचा रंग कुणाला आठवत नाही. मालकाला सगळे कॅप्टन म्हणतात. कधीकाळी एका सहलीत त्यांनी जहाजाच्या कप्तानाची टोपी विकत घेतली आणि ती डोक्यावरून उतरवलीच नाही, एवढंच त्यामागचं कर्तृत्व. माझं काम पत्रकातल्या ‘हे तुम्हाला माहीत आहे का?’ या चौकटी लिहिण्याचं. मी स्वतः कुठेही गेलेले नाही. पण कुठल्या बेटावर काय आहे ते विचारा, झोपेतही सांगेन. लहानपणापासून मला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवय. त्याच सवयीचा आता पगार मिळतो.

खिळ्यामागची गोष्ट अशी. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीने आमचं अख्खं पत्रक उचललं. कॅप्टन भांडायला गेले, तर तिथला माणूस शांतपणे म्हणाला, “साहेब, माहिती काय कुणाच्या बापाची असते का?” तेव्हापासून प्रत्येक पत्रकात एक गोष्ट अशी असते, जी फक्त आमच्या डोक्यात असते. ती दुसरीकडे दिसली की चोर सापडला. मात्र खिळा ठोकायचे नियम आहेत. त्याने कुणाचं नुकसान होऊ नये, कुणाला राग येऊ नये, आणि कुणी मुद्दाम बघायला जाऊ नये इतका तो मिळमिळीत असावा.

यंदा एका दूरच्या बेटाचं पत्रक नव्याने निघत होतं, आणि त्या बेटाची माहिती मला मनापासून आवडली होती. तिथे खेकड्यांची रांग रस्ता ओलांडते तेव्हा गाड्या थांबवतात. समुद्राच्या तळाशी टपालपेटी आहे, आणि पोस्टमन डोळ्यांवर काच लावून बुडी मारतो. नारळाच्या झाडाखाली गाडी लावली तर दंड होतो, आणि किनाऱ्यावरची वाळू खिशातून नेली तरी होतो. हे सगळं खरं होतं, पडताळून घेतलेलं. अडला होता तो खिळा. छापखान्याचा माणूस दारात बसून राहिलेला, कॅप्टन माझ्या डोक्यावर उभे.

“अगं, खोटंच तर लिहायचंय! त्याला एवढा वेळ?”

खोटं लिहिणं खऱ्यापेक्षा कठीण असतं, हे त्यांना कोण सांगणार? शेवटी मी आमच्या घरातलंच लिहून टाकलं. या बेटावर प्रत्येक घराच्या व्हरांड्यात वेताची एक खुर्ची असते. ती समुद्राकडे पाठ करून, घराकडे तोंड करून ठेवतात. तिच्यावर कुणी बसत नाही, पण घरातून निघताना प्रत्येक जण तिच्या हाताला हात लावून जातो. आणि पुढे आणखी एक ओळ होती: खुर्ची गरम लागली, तर त्या दिवशी घरातून कुणी बाहेर पडत नाही.

शेवटची ओळ कॅप्टननी वाचली आणि लाल पेनाने उडवली.

“आपण माणसं नेतो आणि परत आणतो. ती बाहेरच पडली नाहीत तर कसं व्हायचं?” ते म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसले.

२

ती खुर्ची माझ्या आईची. आमच्या गॅलरीत ती अजूनही आहे, रस्त्याकडे पाठ करून.

गॅलरीत बसून माणसं रस्ता बघतात. आई घर बघायची. मी अभ्यास करतेय, बाबा टेबलावर स्क्रू पसरून बसलेत, कुकरची शिट्टी होतेय, हे सगळं ती तिथून बघायची. मी चिडवायचे, तर म्हणायची, “बाहेर काय बघायचंय? माझं सगळं आत आहे.” ती अंगाने इतकी किरकोळ होती, की ती बसली तरी त्या वेताला पत्ता लागत नसे. बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यातले. कुठलीही वस्तू नुसत्या नजरेने तोलायची त्यांची खोड होती. ते आईला म्हणायचे, “तू बसलीस की काटा हलतच नाही. नापास आहेस तू.” आई हसायची.

आई गेल्यावर खुर्ची तशीच राहिली. तिच्यावर कुणी बसायचं नाही, असं बाबांनी कधी सांगितलं नाही. आम्ही बसलो नाही, इतकंच. बाहेर जाताना बाबा गॅलरीत जायचे, खुर्चीच्या हातावर हात ठेवायचे, आणि निघायचे. मीही तसं करायला लागले. आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही.

एकदाच, आई जाऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा, बाबा पिशवी घेऊन निघाले आणि गॅलरीतून परत आले. पिशवी खुंटीला लावली.

“आज राहू दे,” म्हणाले.

“का हो?”

“गरम आहे.”

आमची गॅलरी अशा बाजूला आहे की तिथे ऊन म्हणून कधी येत नाही. मी जाऊन हात लावून पाहिला. मला ती कोमट वाटली, पण त्याआधी माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो विषय सोडून दिला. बाबा त्या दिवशी घरात फिरत होते, काहीबाही गुणगुणत होते. त्यानंतर खुर्ची पुन्हा कधी गरम झाली नाही.

३

नवं पत्रक निघाल्यानंतरची पहिली तुकडी बेटावरून परत आली, आणि त्यातलं एक जोडपं फोटो दाखवायला ऑफिसात आलं. नवरा निवृत्त, बायको उत्साही. दोघांची नाकं उन्हाने सोललेली. खेकडे दाखवून झाले, टपालपेटी झाली, स्वतःचे पाय आणि मागे समुद्र असेही बरेच झाले.

“आणि ती खुर्ची!” बाई म्हणाल्या. “तुम्ही लिहिलंय ना, अगदी तस्सं!”

मला आधी हसूच आलं. माणसं वाचलेलं बघून येतात, यात नवल ते काय? मी मान पुढे करून फोटो पाहिला. लाकडी व्हरांडा, निळं दार, मागे चकाकणारं पाणी. आणि वेताची खुर्ची, पाण्याकडे पाठ करून.

“ही हॉटेलातली असेल,” मी म्हणाले.

“छे हो, एका घरातली. शेवटचे दिवस आम्हाला घरांमध्येच उतरवतात ना. प्रत्येक व्हरांड्यात एक. यांना मी म्हटलं, बघा, कंपनी किती बारीक माहिती देते.”

नवऱ्याने मान डोलावली. मग सहज म्हणाला, “फक्त एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीये. आमच्या शेजारच्या घरातली मुलगी शाळेला निघाली होती. खुर्चीला हात लावला आणि दप्तर काढून ठेवलं. तिची आई म्हणाली, गरम असली की नाही जायचं.”

पंखा कुरकुरत होता. कॅप्टन टोपी मागे सारून मोठ्या कौतुकाने फोटो बघत होते. त्यांनी उडवलेली ओळ त्यांनाच आठवत नव्हती. माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

४

माझं डोकं लगेच कारणं शोधायला लागलं. पत्रक बेटावरही पोचलं असणार. पाहुण्यांना आवडतं म्हणून तिथल्या लोकांनी खुर्च्या मांडल्या असणार. पर्यटक मागतील ते द्यायचं, हा तर आमच्या धंद्याचा पाया. राहिली उडवलेली ओळ. ती कॅप्टनकडून चुकून तिकडे गेली असेल. मी त्यांना विचारलं.

“मी कच्चा मजकूर पाठवला? मला साधं पाकीट चिकटवता येत नाही, आणि म्हणे मी पाठवला!”

हे खरंच होतं. मग मी टूरमामांना गाठलं. तुकडीबरोबर जाणारे आमचे टूरमामा म्हणजे पन्नाशीचे गृहस्थ. समुद्र बघून त्यांना इतका कंटाळा आलाय की फिरायला म्हणून ते डोंगरातच जातात. त्यांना मी विचारलं, त्या खुर्च्या नव्या आहेत का हो?

“नव्या? अगं, खुर्चीच्या पायांखालच्या फळ्या झिजल्यात. चार खळगे पडलेत. नीट ठेवायचीही गरज नाही, आपोआप जागेवर बसते.”

“मग तुम्ही इतक्या वेळा जाऊन आलात, कधी बोलला नाहीत?”

“मला वाटलं सगळीकडे असतात.”

असं उत्तर मिळाल्यावर दुसरं कुणी गप्प बसलं असतं. मी बेटावरच्या आमच्या प्रतिनिधीला फोन लावला. घरांमध्ये पाहुण्यांची सोय हीच बाई करते. आवाज नेहमी हसरा. आम्हा दोघींनाही अर्धीमुर्धी येणाऱ्या तिसऱ्याच एका भाषेत आमचं बोलणं चालतं, त्यामुळे फार लपवाछपवी करता येत नाही.

“खुर्ची? हो, आहे की,” ती म्हणाली. “पहिल्यापासून आहे. मला तर तुझंच आश्चर्य वाटलं. आम्ही पाहुण्यांना सांगत नाही. तुला कुणी सांगितलं?”

“ती कुणाची असते?”

“म्हणजे?”

“म्हणजे घरातलं कुणी गेलं, तर त्याची आठवण म्हणून का?”

ती हसायची थांबली. मागे पाण्याचा आवाज येत होता.

“कुणाचीच नसते. रिकामी असते, म्हणून तर कुणीतरी येऊन बसतं.” मग पुन्हा आवाजात हसू आणून ती म्हणाली, “तू पुढची ओळ छापली नाहीस, ते बरं केलंस.”

पुढची ओळ होती हे तुला कसं कळलं, हे विचारायला मी तोंड उघडलं, तोवर फोन कट झाला होता. पुन्हा लावला, तर तिने उचलला आणि खोल्यांच्या चादरींबद्दल बोलत राहिली.

५

खरं तर बाबांना मी हे सांगायला नको होतं. पण घरात दोघंच. दिवसभरातली चमत्कारिक गोष्ट संध्याकाळी चहाबरोबर सांगायची नाही तर कुणाला सांगायची?

मी तर बाबांच्या मागे केव्हाची लागले होते की तुम्ही एकदा कुठेतरी जाऊन या. कंपनीत माझ्या घरच्यांना सवलत आहे. बाबांचं ठरलेलं उत्तर होतं, “समुद्र बघून मी काय करू? तोलता थोडाच येतो?” आई गेल्यापासून त्यांचं जग भाजीवाला, वाचनालय आणि ती गॅलरी एवढंच उरलं होतं. त्यांना असं आक्रसत जाताना बघून माझा जीव तुटायचा.

मी खिळ्याची गोष्ट रंगवून सांगितली. बाबांनी कप खाली ठेवला.

“आपल्या घरातलं छापलंस?”

“नाव नाही घातलं बाबा. नुसती खुर्ची.”

“नुसती,” ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चहाची भांडी उचलायला लागले, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “तिथल्या गरम होतात?”

“असं म्हणतात. लोक काय, काहीही म्हणतात.”

“अधूनमधून, की रोज?”

“बाबा, मला काय माहीत?”

ते उठून गॅलरीत गेले. खुर्चीच्या हातावर त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. ते कुठेही बाहेर निघाले नव्हते. आणि मला तेव्हा पहिल्यांदा लख्ख कळलं, की इतकी वर्षं ते निघण्याआधी परवानगी घेत नव्हते. ते रोज वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरची बॅग खाली आली होती. “पुढच्या तुकडीत जागा आहे का बघ,” बाबा म्हणाले.

मी त्यांना थांबवायला हवं होतं का? मनातून मला भीती वाटत होती. पण बाबा दाढी करताना शीळ घालत होते, आणि दुसरं असं की, मलाही जाणून घ्यायचं होतं. नजरेने वजन सांगणारा माणूस तिथे जाऊन ती खुर्ची बघणार होता. निघताना त्यांनी आमच्या खुर्चीला हात लावला.

“गार आहे,” म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

६

बाबांचे फोन यायचे ते अगदी शाळेच्या सहलीला गेलेल्या मुलासारखे. खेकडे बघितले. पोस्टमन बुडी मारून वर आला तो शिंकत. पाणी एका बाजूला हिरवं, दुसऱ्या बाजूला निळं, आणि मधली रेघ सुतार मारतात तशी सरळ. “तू लिहितेस ते खरं असतं गं,” असंही एकदा म्हणाले. मी सुखावले. मग तुकडी घरांमध्ये उतरली, आणि फोन छोटे होत गेले.

परतीच्या दिवशी दुपारी टूरमामांचा फोन आला. मागून गाडीचा हॉर्न वाजत होता, माणसांचा गलका होता.

“बाबा यायला तयार नाहीत गं. म्हणजे नाहीही म्हणत नाहीत. बॅग भरून फाटकापर्यंत आले. मी म्हटलं चला. तर म्हणाले, चलायचंय हो, पण पाय उचलत नाही. मी हाताला धरलं तर...” मामा अडखळले. “जड लागले. दोन माणसं धरल्यासारखे.”

“त्यांना फोन द्या.”

“ते परत व्हरांड्यात जाऊन बसलेत. मला बाकीच्यांना विमानतळावर न्यायचंय. तुझ्या त्या बाईंना सांगितलंय, त्या बघतील त्यांच्याकडे.”

मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फोन कशाला तरी टेकवून ठेवला, त्यामुळे मला अख्खा व्हरांडा दिसत होता. एका कडेला निळं दार. तिथल्याच पायरीवर बसलेले बाबा, शर्ट इस्त्रीचा, चेहरा टवटवीत. त्यांच्या मागे ती खुर्ची, आणि तिच्या मागे पाणी.

“बाबा, काय चाललंय हे?”

“आज राहू दे,” ते म्हणाले. “गरम आहे.”

“ऊन असेल.”

“ऊन पलीकडे आहे.” त्यांनी आवाज खाली आणला. लाजल्यासारखे हसले. “अगं, आजचीच नाही. मी या घरात आल्यापासून आहे.”

मी स्क्रीन जवळ घेतला. आधी मला वाटलं खुर्ची जुनी आहे, वेत सैल पडला असेल. पण तो सैल नव्हता. तो ताणलेला होता. बसायची जागा खाली, पार खाली गेलेली, आणि कडांचे वेत तुटायला आल्यासारखे ओढलेले. त्यावर काहीही नव्हतं.

“बाबा,” मी म्हणाले, “मागे बघा. तुम्ही काट्याचे माणूस ना? वेत किती खाली गेलाय बघा. आई बसली तर काटा हलत नव्हता.”

बाबांनी मागे पाहिलं नाही.

“दिसतंय मला,” ते म्हणाले. “पहिल्याच दिवशी दिसलं.”

“मग?”

“मग काय? इतक्या वर्षांनी कुणीतरी खुर्चीत बसून माझ्याकडे बघतंय.”

तेवढ्यात फोनमधून आवाज आला. वेत सैल होताना करकरतो तसा, सावकाश. बसायची जागा हळूहळू वर आली आणि सपाट झाली. पायरीवर बसलेल्या बाबांनी पाय आखडून घेतले, आपण कुणाला जायला वाट देतो तसे. मग त्यांच्या बाजूचं निळं दार आत ढकललं गेलं.

बाबा माझ्याकडे बघून हसले. “आत गेलं. येईल परत. तू जेवलीस का?”

७

तुकडी परत आली, बाबा आले नाहीत. टूरमामा दोन दिवस ऑफिसात माझी नजर चुकवून वावरले. मी विचारलं, तुम्ही धरलंत तेव्हा नक्की काय वाटलं? “मी डोंगरातला माणूस आहे गं,” एवढंच ते म्हणाले, आणि पाणी प्यायला उठले.

मी बेटावरच्या बाईला रोज फोन करायचे. ती म्हणायची, बाबा छान आहेत, घरातलेच झालेत. मी विचारलं, खुर्ची दुसरीकडे हलवली तर? ती म्हणाली, कशावरून आम्ही हलवून बघितली नसेल? मी विचारलं, मग एखादा माणूस कायमचाच अडकतो की काय? तिने थोडा विचार केला.

“नाही, तसं नाही. ते कंटाळतं. दुसरं कुणी निघालेलं दिसलं, की तिकडे जातं.”

“निघालेलं म्हणजे?”

“घर मागे टाकून जाणारं. त्याला ते आवडत नाही.”

हे सगळं मी डोक्यात नीट लावून ठेवत होते, सवयीने, एखादी चौकट लिहायची असल्यासारखं. आणि रोज बाबांना विचारत होते, “आज?” आणि रोज बाबा म्हणत होते, “आज राहू दे.” त्यांचा आवाज मऊ होत चालला होता, जेवणानंतर झोप येत असताना माणूस बोलतो तसा. एकदा मी आईचा विषय काढला, तर त्यांनी आधी ‘कोण?’ म्हणून विचारलं. त्या दिवशी मी ठरवलं की आपण जायचं, आणि त्यांना उचलून आणायचं, दोन माणसांइतके जड असतील तरी.

कॅप्टननी तिकीट माझ्या टेबलावर ठेवलं. टोपी काढून हातात धरली होती. त्यांचं टक्कल मी पहिल्यांदाच पाहिलं.

“परत ये मात्र,” म्हणाले.

८

निघायची सकाळ ढगाळ होती. गॅस बंद केला, नळ बघितले, बॅग दाराशी नेऊन ठेवली. खाली टॅक्सी येऊन उभी होती; चालकाने एकदा हॉर्न दिला. मी चपला घातल्या, आणि मग चपलांसकट तशीच गॅलरीत गेले. जाणार नव्हते खरं तर. बॅग उचलायच्या ऐवजी पाय तिकडे वळले. सवयच ती.

खुर्चीच्या हातावर हात ठेवला.

माझ्या हातात त्या दिवशी चहाचा कप नव्हता. सकाळपासून मी काहीच गरम हातात धरलं नव्हतं. आणि ही काही कोमट नव्हती. कुणी तासभर बसून राहिल्यावर लागते तशी ती गरम होती, आणि हात ठेवल्यावर आणखी गरम होत गेली.

मी हात काढला. दाराकडे वळले. भीती वाटली असती तर मी पळाले असते; तसं काही वाटलं नाही. फक्त असं वाटलं की जायचं कशाला? आपलं सगळं इथेच तर आहे. हे आईचं वाक्य होतं, मला ते आवाजासकट आठवलं, पण आठवताना आवाज आईचा नव्हता. मी उजवा पाय उचलायला गेले. तो उचलला गेला नाही.

खाली टॅक्सीने पुन्हा हॉर्न दिला. फोन वाजला. बाबा होते.

“निघालीस का गं?”

त्यांचा आवाज एकदम वेगळा होता. स्वच्छ, जागा. कितीतरी दिवसांनी माझे बाबा माझ्याशी बोलत होते.

“बाबा,” मी म्हणाले, “आज राहू द्यावं लागेल.”

“गरम आहे?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“अगं, इथली...” ते थांबले. “इथली आत्ताच गार झाली. मी हात ठेवूनच बसलो होतो. हाताखाली गार पडली.”

माझ्यामागे वेत करकरला. मी मान वळवली. ज्या खुर्चीला आईचं वजन कधी कळलं नाही, तिचा वेत खाली चालला होता, सावकाश, आणि कडा ताणल्या जात होत्या, आणि तो थांबत नव्हता. खुर्चीचं तोंड घराकडे होतं. घरात मी होते.

“माझे पाय उचलतायत,” बाबा तिकडे म्हणत होते. “फाटकाबाहेर आलो बघ मी. कसला मूर्खपणा करत बसलो होतो इतके दिवस! पहिल्या विमानाने येतो. तू कुठे जाऊ नकोस, मी येतोच घरी.”

“या बाबा,” मी म्हणाले. आवाज जमेल तेवढा नेहमीसारखा ठेवला. खुर्चीतून माझ्याकडे बघणं चाललं होतं, आणि ऐकणंही. “पण आलात की खालूनच हाक मारा मला. मी ओ देईन. तेवढं ऐका, आणि आत्याकडे राहायला जा.”

“का गं?”

“वर येऊ नका.”

“असं काय करतेस? आपलंच घर ना ते?”

बाबांच्या आवाजात पुन्हा ती आशा आली होती, मला ओळखीची. मी डोळे मिटले.

“बाबा,” मी म्हणाले, “खुर्ची गार आहे. मी खोटं बोलले.”